आतली कडी

गेल्या महिन्यात चार दिवसांसाठी मी धाकट्या बहिणीकडे पुण्याला गेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर ती आंघोळीला गेली आणि बाथरूमच्या दारातून ‘खट्ट’ असा आवाज आला. कोणत्याही घरात दिवसातून दहा वेळा होणारा आणि कोणाच्याही ध्यानात न येणारा तो आवाज. मी मात्र हातातले वर्तमानपत्र टाकून उठले, दारापाशी गेले आणि तिथेच उभी राहिले. आत बादलीत पाणी पडत होते, पाण्याचा मग वाजत होता, मधूनच ती काहीतरी गुणगुणत होती. पाण्याचा आवाज थांबला की मी कान दारापाशी नेत होते आणि पुन्हा सुरू झाला की मागे सरत होते. दहा-बारा मिनिटांनी दार उघडले. केसांना पंचा गुंडाळून ती बाहेर आली आणि मला पाहून थबकली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आश्चर्यही नव्हते. खूप वर्षांचा जुना कंटाळा तेवढा होता. “ताई, तू दाराशी उभी होतीस ना?” तिने विचारले. “नाही गं, टॉवेल वाळत घालायला चालले होते,” मी म्हणाले.

माझ्या हातात टॉवेल नव्हता.

कराडच्या आमच्या घरात न्हाणीघराला आतून कडी नव्हती, म्हणजे १९८६ च्या दिवाळीपासून नव्हती. त्या वर्षी नरकचतुर्दशीला आम्ही सगळे पहाटे चारला उठलो होतो. आदल्या रात्री किल्ल्याची माती लिंपण्यात आणि चकल्या तळण्यात बारा वाजले होते. बहीण तेव्हा तेरा वर्षांची होती. ती आंघोळीला आत गेली, कडी लावली, आणि थोड्या वेळाने घंगाळ लवंडल्याचा आवाज आला. बाबांनी खांद्याने धडका देऊन दार उघडेपर्यंत जेवढा वेळ गेला तेवढा वेळ तिचा डावा हात पेटलेल्या तांब्याच्या बंबाला टेकून होता. तो डाग अजून तिच्या कोपराखाली आहे. आकाराने आंब्याच्या कोयीएवढा, आणि उन्हाळ्यात बाकीचा हात काळवंडला की जास्त उठून दिसणारा. पाडव्याच्या दिवशी बाबांनी स्क्रूड्रायव्हर घेऊन कडी काढून टाकली. चार भोके राहिली, ती पुढे रंगात बुजली. तेव्हापासून आमच्या सात माणसांच्या घरात प्रत्येक जण आपण आत असल्याची वर्दी देऊन आंघोळ करू लागला. आजी रामरक्षा मोठ्याने म्हणायची, काका खोकायचे, मी बादली उगाच सरकवायचे. बहिणीला मात्र काहीच करावे लागत नसे, कारण तिच्या आंघोळीच्या वेळी दाराबाहेर पाटावर कोणीतरी बसलेलेच असे. बहुतेक वेळा मी.

बहिणीला अपस्माराच्या, म्हणजे आकडीच्या, फिट येत. पहिली फिट १९८४ सालची. ती स्वयंपाकघरात भिंतीला टेकून पाढे म्हणत होती आणि आई भाकऱ्या थापत होती. ‘तेरा साती’ म्हणून झाले आणि पुढचा ‘एक्याण्णव’ आलाच नाही. आम्हाला वाटले, विसरली. मग घशातून एक विचित्र आवाज निघाला, मान एका बाजूला वळली, आणि ती भाकरीच्या पिठात हात पसरून आडवी झाली. ओठ निळे पडले होते आणि टाचा फरशीवर आपटत होत्या. शेजारच्या काकू धावत आल्या त्या फोडलेला कांदा घेऊनच. त्यांच्या मागोमाग कोणीतरी चप्पल आणली, कोणीतरी किल्ल्यांचा जुडगा तिच्या मुठीत कोंबला. दीड-दोन मिनिटांत सगळे शांत झाले आणि त्याचे श्रेय कांद्याला गेले. पुढे कितीतरी वर्षे आमच्या कोनाड्यात गणपतीच्या तसबिरीशेजारी एक कांदा ठेवलेला असे. मेंदूतला तो भडका बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत आपला आपणच विझतो, हे मला फार उशिरा कळले. विझवण्याची व्यवस्था मेंदूपाशी मुळातच असते. कांदा, चप्पल आणि लोखंड नेमके ती कामाला लागण्याच्या वेळेला पोहोचतात, एवढेच. त्या वेळी करायचे असते ते फार थोडे असते: कुशीवर वळवायचे, डोक्याखाली काहीतरी मऊ सरकवायचे, तोंडात काहीही घालायचे नाही आणि घड्याळाकडे पाहायचे. पाच मिनिटे उलटली तर मात्र दवाखाना गाठायचा. पण भर स्वयंपाकघरात निळ्या पडलेल्या मुलीसमोर घड्याळाकडे पाहत बसायला जे काळीज लागते, ते कांदा धरायला लागत नाही.

एसटीने तिला पुण्याला नेले. मेंदूचा आलेख काढायचा म्हणून डोक्याला तेल लावायचे नाही आणि आदल्या रात्री झोपू द्यायचे नाही, असे बजावले होते. आई आणि मी आळीपाळीने तिला जागे ठेवत होतो, कोडी घालत होतो, डोळे मिटले की गालावर पाणी मारत होतो. सकाळी तिच्या केसांत भांग पाडून पाडून चिकट मलम लावले आणि तारा चिकटवल्या. त्या काळी कागदाची लांबलचक घडी यंत्रातून सरकत असे आणि शाईच्या बारीक लेखण्या तिच्यावर एकाच वेळी ओळी काढीत. त्यांची कुरकुर मला अजून आठवते. उंदराने लाकूड कुरतडावे तशी. बऱ्याच वेळाने अचानक सगळ्या लेखण्या एकदम उसळल्या आणि खाली आल्या. पलंगावर बहीण शांत पडली होती, तिच्या पापणीचीही हालचाल नव्हती. तिला काहीच झाले नव्हते आणि तरी कागदावर काहीतरी झाले होते. चार दिवस शिकेकाईने धुऊनही ते मलम तिच्या केसांतून पुरते गेले नाही.

पहिली गोळी गार्डिनल. पांढरी, इवलीशी, रात्री एक. तिच्यातले फिनोबार्बिटल मेंदूचा ब्रेक अधिक वेळ दाबून धरते. आपल्या मेंदूत पेशींना ‘आता थांबा’ असे सांगणारे गाबा नावाचे एक रसायन असते. ते पेशीवरच्या एका दाराशी येऊन टेकले की दार क्षणभर उघडते, क्लोराइडचे कण आत शिरतात आणि ती पेशी पेटायला नाखूश होते. गार्डिनल ते दार जरा जास्त वेळ उघडे ठेवते. या गुणाचा शोध लागला तो १९१२ मध्ये जर्मनीतल्या फ्रायबुर्ग गावी, आल्फ्रेड हाउप्टमान नावाच्या तरुण डॉक्टरला. तो म्हणे फिटच्या रुग्णांच्या वॉर्डाच्या वरच राहत असे आणि रात्री रुग्ण पलंगावरून पडल्याच्या आवाजांनी त्याची झोप मोडत असे. त्यांना शांत झोप लागावी, म्हणजे आपल्यालाही लागेल, अशा हिशेबाने त्याने बाजारात नुकतेच आलेले हे झोपेचे औषध दिले, आणि पाहतो तर रात्रीच्याच नव्हे, दिवसाच्याही फिट कमी झाल्या. ही गोष्ट मी वाचली तेव्हा मला त्या डॉक्टरविषयी एकदम जवळीक वाटली, कारण आमच्या घरातही कितीतरी उपाय तिच्यासाठी कमी आणि आमच्या झोपेसाठी जास्त असत.

पण ब्रेक दाबून धरला की तो भल्या-बुऱ्या सगळ्याच हालचालींवर दाबला जातो. बहीण वर्गात पेंगू लागली. पूर्वी वर्गात पहिल्या तिघींत असणारी मुलगी फळ्यावरची ओळ वहीत उतरेपर्यंत विसरू लागली. फिनोबार्बिटल शरीरातून उतरायलाही अतिशय संथ. मोठ्या माणसात त्याचे प्रमाण निम्म्यावर यायलाच चार दिवस लागू शकतात. म्हणजे रविवारी घेतलेल्या गोळीची पेंग गुरुवारच्या गणिताच्या तासाला अर्धी शिल्लक. बाई म्हणायच्या, हुशार होती हो मुलगी. ‘होती’ हा शब्द अकरा-बारा वर्षांच्या मुलीच्या कानांवर पडत होता.

मग एप्टॉइन आली.

या औषधाची कहाणी मला फार आवडते. एप्टॉइनमधला फेनिटॉइन हा रेणू हाइनरिश बिल्ट्झ या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९०८ मध्येच तयार केला होता. त्या काळच्या समजुतीप्रमाणे फिटवरचे औषध म्हणजे झोपेचे औषध, आणि याने तर झोप येत नव्हती. म्हणून तो निकामी ठरून बाजूला पडला. तीस वर्षांनी, १९३८ मध्ये, बॉस्टनमध्ये ट्रेसी पुटनम आणि ह्यूस्टन मेरिट या दोघांनी मांजरांना विजेचा सौम्य झटका देऊन एकेक रसायन तपासले आणि त्यांच्या लक्षात आले की, हा रेणू मांजराला गुंगी न आणता आकडी तेवढी रोखतो. ज्या कारणासाठी तो नापास झाला होता, तोच त्याचा खरा गुण निघाला.

तो हे कसे साधतो, हे समजून घेताना मी पहिल्यांदा वहीत दार काढले. मेंदूची पेशी विश्रांतीत असताना आतून किंचित ऋण असते, साधारण सत्तर मिलिव्होल्टने. तिच्या भिंतीत सोडियमची दारे असतात. आपल्या मिठाच्या बरणीतलेच ते सोडियम. इशारा आला की दार उघडते, सोडियम भसकन आत घुसते आणि पेशी ‘बोलते’. हे सारे एका सेकंदाच्या हजाराव्या भागात होते, आणि त्याच घाईत दाराच्या आतल्या बाजूची एक झडप आपोआप मिटते. ती मिटलेली असेपर्यंत बाहेरून कितीही धक्के दिले तरी दार पुन्हा उघडत नाही. काही क्षणांनी झडप मागे सरते आणि दार पुढच्या इशाऱ्याला मोकळे होते. फेनिटॉइनचा रेणू चिकटतो तो मुख्यत्वे या मिटलेल्या झडपेच्या अवस्थेला, आणि झडप मागे सरायला थोडा उशीर लावतो. जी पेशी सावकाश, थांबत-थांबत बोलते तिला या उशिराचा पत्ताही लागत नाही. तिची पुढची वेळ येईपर्यंत दार मोकळे झालेले असते. जी पेशी एका दमात शेकडो वेळा ओरडायला निघते, तिला मात्र प्रत्येक खेपेला आणखी काही दारे बंद सापडतात आणि तिचा आवाज बसत जातो. पाढे म्हणणारी पेशी पाढे म्हणत राहते. हे औषध दाराला कडी लावत नाही. आपोआप लागलेली कडी जरा उशिरा निघू देते, इतकेच.

त्या दिवाळीत हात भाजल्यावर गावातल्या एका डॉक्टरांनी रोजच्या दोन गोळ्यांच्या तीन केल्या. शंभर मिलिग्रॅमची एक गोळी वाढली. दोनाच्या तीन म्हणजे दीडपट, असा हिशेब आमच्यातल्या कोणीही केला असता. पंधरा-वीस दिवसांत बहीण भिंतीला धरून चालू लागली. पायऱ्या उतरताना पाऊल कुठे टाकायचे हे तिला कळेना. जीभ जड झाली, आणि बाजूला पाहायला सांगितले की तिची बुबुळे लटलट हलत. शाळेतून येताना ती पेठेतून झोकांड्या देत आली तेव्हा दुकानाच्या फळीवर बसलेली माणसे हसली, हे तिने त्या दिवशी सांगितले नाही. दहा वर्षांनी सांगितले. पुण्याला रक्त तपासले तर औषधाची पातळी ३४ निघाली. दहा ते वीसच्या दरम्यान असावी, असे मोठ्या डॉक्टरांनी सांगितले आणि आमच्या चेहऱ्यांकडे पाहून त्यांनी बाबांना विचारले, “कराडचे ना तुम्ही? ऊस आहे?”

मग त्यांनी कारखान्याचा दाखला दिला, तो मी आजवर विसरलेले नाही. कारखान्याची गाळप क्षमता ठरलेली असते. तिच्यापेक्षा कमी ऊस येतो तोवर आज आलेला ऊस आज गव्हाणीत पडतो आणि रात्री आवार रिकामे होते. पण एकदा क्षमता गाठली, की त्यावर रोज दहाच गाड्या जास्त येऊ द्या. त्या दहा उद्याच्या रांगेत उभ्या राहतात, परवा वीस होतात, आणि पंधरवड्यात रांग फाट्यापर्यंत जाते. फेनिटॉइनचे गाळप यकृतातली विकरे, म्हणजे एन्झाइम, करतात आणि त्यांची क्षमता उपचाराच्या नेहमीच्या मात्रेतच भरत येते. म्हणून या औषधात गोळी दीडपट झाली की रक्तातली पातळी दीडपट होत नाही. ती तिप्पटही होऊ शकते, आणि तीही लगेच नव्हे, हळूहळू चढत. हंगाम तेव्हा नुकताच सुरू झाला होता. येताना एसटीच्या खिडकीतून मी कारखान्याबाहेर थांबलेल्या बैलगाड्या पाहिल्या. जू खाली उतरवलेले, बैल उसाचे वाढे चघळत बसलेले, गाड्यांखाली चुली पेटलेल्या, आणि माझ्या मांडीवर डोके ठेवून झोपलेली बहीण. त्या रांगेकडे पाहताना मला तिचे यकृत दिसत होते.

गोळी अडीच झाली, आणि चाल ठिकाणावर आली. पण पोटात गेलेल्या गोळीला पत्ता ठाऊक नसतो. फेनिटॉइनचे शंभरातले नव्वद रेणू रक्तातल्या अल्ब्युमिन नावाच्या प्रथिनाच्या पाठीवर बसून नुसते हिंडत असतात; मोकळे राहिलेले दहा मेंदूचा उंबरा ओलांडतात, आणि तेच हिरड्यांत, त्वचेत, हाडांतही जातात. मेंदूतल्या ज्या सुपारीएवढ्या जागेत भडका उडतो तिथेच जा, असे त्यांना सांगता येत नाही. दहावीपर्यंत बहिणीच्या हिरड्या वाढून दातांच्या मधोमध आल्या. ओठावर आणि गालांच्या कडेला गडद लव आली. त्या वर्षीच्या शाळेच्या फोटोत सगळ्या मुली हसत आहेत आणि ती तोंडावर हात धरून उभी आहे. आई तिला दिवसातून तीनदा दात घासायला लावायची. त्याने हिरड्यांची सूज थोडी आवरते, हे खरे आहे. पण हसताना वर आलेला तो हात पुढे औषध बदलले, हिरड्या पूर्ववत झाल्या, तरी खाली आला नाही. आजही ती हसताना हात वर नेते. तो काही गोळीचा परिणाम म्हणून कुठल्या पत्रकात छापलेला नसतो.

या औषधाला पत्ता कळत नाही, पण वेग कळतो. आम्हाला तोही कळला नाही. ती भरधाव धावली तरी आम्ही ‘हळू’ म्हणायचो आणि ती नुसती उभी राहिली तरी ‘बस’ म्हणायचो. कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर सगळी मुले पाण्यात उतरायची तेव्हा ती घाटाच्या वरच्या पायरीवर आमच्या चपला राखत बसायची. सायकल नाही, गच्ची नाही, गॅसजवळ एकटीने नाही, सहलीला नाही. यातले पाण्याचे आणि आगीचे भय अगदी खरे होते, ते मी आजही नाकारणार नाही; तिच्या कोपराखालचा डाग मी रोज पाहिलेला आहे. पण सहलीचे काय, गाण्याच्या क्लासचे काय, मैत्रिणीकडे रात्री राहण्याचे काय? त्यात भय कमी आणि आमची सोय अधिक होती. आम्ही तिच्यासाठी एप्टॉइन आणली आणि स्वतः जन्मभर गार्डिनलच राहिलो.

नव्वदच्या सुमारास डॉक्टरांनी कार्बामाझेपिन सुरू केले. तेही सोडियमच्या त्याच झडपेवर काम करते, पण यकृताशी त्याचे नाते उलटे. ते रोज येऊ लागले की यकृत ओळखते की हा पाहुणा आता मुक्कामी आहे, आणि त्याला मोडणारी विकरे वाढवते. जणू कारखाना नवी पाळी सुरू करतो. त्यामुळे पहिल्या आठवड्यात पुरलेली मात्रा तीन-चार आठवड्यांनी अपुरी पडते आणि डॉक्टरांना ती टप्प्याटप्प्याने वाढवावी लागते. वाढलेली ही गिरणी मग इतरांचेही दळण दळते. गर्भनिरोधक गोळ्याही लवकर मोडून निष्प्रभ होऊ शकतात. हे तिला लग्नाच्या वेळी सांगितले गेले ते डॉक्टरांच्या केबिनमध्ये, आई बाहेर बसलेली असताना.

लग्नाचे मी थोडक्यात सांगते, कारण तो विषय आमच्या घरात आजही थोडक्यातच बोलला जातो. ‘सांगायचं कशाला, आता कुठे येतात फिट,’ असे आईचे मत होते आणि गोळ्यांचे पाकीट तिने शेवयांच्या डब्यात दडवले होते. कांदेपोह्यांच्या तिसऱ्या कार्यक्रमात बहिणीने बशी खाली ठेवून स्वतःच सांगितले, गोळीचे नाव आणि मात्रेसकट. दोन स्थळे आधीच गेली होती, हे राहिले. त्याच वर्षी, १९९९ मध्ये, हिंदू विवाह कायद्यातून अपस्माराचा उल्लेख वगळला गेला. तोपर्यंत कायद्याच्या पुस्तकात हा आजार वेडाच्या झटक्यांशेजारी बसलेला होता. आईला हे वर्तमानपत्रातून वाचून दाखवले तेव्हा ती म्हणाली, “बरं झालं,” आणि शेवयांच्या डब्यातून पाकीट काढून फडताळात उघड्यावर ठेवले.

गरोदरपणाआधीच डॉक्टरांनी फॉलिक ॲसिड सुरू केले आणि व्हॅल्प्रोएटच्या वाटेला जायचे नाही, हे पहिल्याच भेटीत स्पष्ट केले. पोटातल्या बाळाच्या पाठीच्या कण्याला आणि मेंदूला त्याचा धोका इतर औषधांपेक्षा जास्त असतो. एरवी ते औषध मोठ्या गुणाचे, आणि त्याचा शोध म्हणजे आमच्या कांद्याची गोष्ट उलटी सांगितल्यासारखा. १८८२ मध्ये तयार झालेले हे आम्ल ऐंशी वर्षे इतर द्रव्ये विरघळवण्यासाठी वापरण्याजोगा एक द्राव म्हणूनच ओळखले जात होते. साठच्या दशकाच्या सुरुवातीला फ्रान्समधल्या ग्रेनोबल इथे पिएर एमार यांना असे आढळले की, त्यात विरघळवून तपासलेले जवळजवळ प्रत्येक रसायन फिट रोखते आहे. शेवटी उलगडा झाला की गुण रसायनांचा नव्हे, द्रावाचाच. आमच्याकडे बाजूला उभ्या असलेल्याला फुकटचे श्रेय मिळाले. तिथे खरा कर्ता ऐंशी वर्षे बाजूला उभा होता.

गेली बारा-तेरा वर्षे ती लेव्हेटिरासिटाम घेते. हे औषध सोडियमच्या दाराशी जात नाही. पेशीच्या टोकाला निरोपाच्या बारीक पिशव्या असतात, त्यांच्यावरच्या एसव्ही-टू-ए नावाच्या प्रथिनाला ते चिकटते आणि निरोपांचा मारा आवरते. ते अमेरिकेत १९९९ मध्ये मान्य झाले, आणि ते नेमके चिकटते कुठे, याचा उलगडा २००४ मध्ये झाला. यकृताला त्याचा फारसा त्रास नाही; बरेचसे जसेच्या तसे मूत्रपिंडातून निघून जाते. मात्र सहा-आठ तासांत त्याची पातळी निम्म्यावर येते, म्हणून सकाळ-संध्याकाळ घड्याळाच्या ठोक्याला घ्यावे लागते. एक डोस चुकून चोवीस तास लोटले तर आठवा हिस्सा किंवा त्याहूनही कमी उरते. तिची शेवटची फिट भाच्याच्या लग्नातली, २०१३ ची. रात्रभर जागरण, आणि गोळ्या दुसऱ्या बॅगेत राहिलेल्या.

या गोळीने काही जणांचा स्वभाव चिडका होतो. बहीणही फटकन बोलू लागली. आयुष्यात ज्या माणसांना उलट उत्तर दिले नव्हते त्यांना देऊ लागली, त्यांत मीही होते. मी डॉक्टरांना फोन करून विचारले आणि तिला समजावले, “गोळीमुळे होतं ते, मात्रा कमी करून घेऊ.” ती म्हणाली, “गोळीमुळे असेल. पण निम्मा तरी माझा असेल ना गं, ताई? तेवढा राहू दे.” मात्रा थोडी कमी झाली, फटकन बोलणेही थोडे कमी झाले. उरलेला राग कोणाचा, हे रक्त तपासून कळत नाही. अलीकडे डॉक्टर या सगळ्या औषधांना अपस्मारावरची औषधे म्हणण्यापेक्षा फिट रोखणारी औषधे म्हणणे पसंत करतात. ती फिटचा मार्ग अडवतात. फिट येण्याची मेंदूची मूळ प्रवृत्ती काढून टाकत नाहीत. आणि साधारण तिघांतल्या एकाच्या बाबतीत तेवढेही साधत नाही. बहीण उरलेल्या दोघांत निघाली. यात आमच्या पहाऱ्याचा वाटा किती, हे मी पूर्वी फार आत्मविश्वासाने सांगत असे.

पुण्यातल्या त्या चार दिवसांपैकी तिसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम स्वयंपाकघरात जाऊन बसले. आठाला तिच्या फोनचा गजर वाजला, तिने गोळी तोंडात टाकली, वर पाणी प्यायली आणि आंघोळीला गेली. खट्ट. मी गॅसवरच्या दुधाकडे पाहत राहिले. पाणी पडण्याचा आवाज थांबला. मी पाहतच राहिले आणि दूध माझ्या डोळ्यांदेखत उतू गेले. ती बाहेर आली तेव्हा मी ओटा पुसत होते. तिने करपलेल्या दुधाचा वास घेतला, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, “ये इकडे.” बाथरूमच्या दाराशी नेऊन तिने मला बाहेरच्या बाजूची गोल मूठ दाखवली. मुठीच्या मधोमध एक बारीक खाच होती. “यात नाणं घालून फिरवलं की बाहेरून उघडतं. हा फ्लॅट घेतला तेव्हाच बसवून घेतलं. दारही बाहेरच्या बाजूला उघडणारं करून घेतलं, म्हणजे आत कोणी पडलं तरी अडकायला नको. आणि वर हात फिरव.”

मी टाचा उंचावून चौकटीवर हात फिरवला. धूळ लागली, मग एक गार चकती. रुपयाचे नाणे होते. बरीच वर्षे कोणी न हलवल्यामुळे खालच्या रंगाला थोडे चिकटलेले. “तुझ्या भाचीला माहीत आहे, ह्यांना माहीत आहे, कामाच्या मावशींनाही माहीत आहे,” ती म्हणाली. “तू विचारलंच नाहीस कधी.” मी ते नाणे पदराने पुसले आणि होते तिथे, धुळीत उमटलेल्या त्याच्याच गोल खुणेवर परत ठेवले.